अडीच फुटांची वाट

माणसाला कोणता नाद लागेल याचा काही नेम नाही. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी घासूनपुसून ठेवतो, कुणी कबुतरे पाळतो. या नादिष्टांमध्येही आगगाडीच्या नादिष्टांची जात न्यारीच म्हणायची. इतर माणसे स्टेशनात जातात ती गाडीत बसण्यासाठी; ही मंडळी जातात ती गाडी बघण्यासाठी. गाडी आली की डबे सोडून इंजिनाकडे धावतात, आणि गाडी निघून गेली की रिकाम्या रुळांकडे बघत उभी राहतात. त्यातून जी गाडी कायमची बंद पडली असेल तिच्यावर यांची माया विशेष. अशाच एका घोळक्याबरोबर गेल्या जानेवारीत मी कुर्डुवाडी ते येडशी असा दोन दिवसांचा फेरफटका केला. निमित्त होते ‘बार्शी लाईट’चे.

सोलापूर, धाराशिव, लातूर आणि सांगली या जिल्ह्यांतल्या वाचकांना बार्शी लाईट म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या थोरल्या लोहमार्गावर कुर्डुवाडी लागते. तेथून एक फाटा लातूरला आणि दुसरा पंढरपूरवरून मिरजेला जाई. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. थोरल्या मार्गावर हेच अंतर साडेपाच फूट असते. मिरजेपासून लातूरपर्यंत सव्वातीनशे किलोमीटरची ही चिमुकली गाडी शंभराहून अधिक वर्षे धावली. २००२ ते २०११ या सुमारास टप्प्याटप्प्याने तिचे रूळ उखडले गेले आणि त्या जागी रुंद रूळ आले. आज याच गावांवरून लांबलचक एक्सप्रेस गाड्या जातात. नव्या पिढीला येथे कधी छोटी गाडी होती हे सांगूनही खरे वाटत नाही.

आमच्या घोळक्यात सहा माणसे होती. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, सोलापूरचे एक दंतवैद्य, पुण्यात संगणकाचे काम करणारा एक तरुण, त्याचा एक मित्र, याच लाईनीवर उभी हयात काढलेले एक वृद्ध गार्डसाहेब, आणि सहावा मी. मी मराठी शिकवतो. गाडीपेक्षा गाडीभोवती वाढलेल्या शब्दांची मला ओढ. ‘शिग्नल पडला’ असे आमच्या भागात अजून म्हणतात. जुन्या सिग्नलचा लाकडी हात गाडीला वाट मोकळी झाली की खरोखरच खाली पडत असे. आता हात गेला, रंगीत दिवे आले. पण फलाटावरची म्हातारी माणसे दिवा हिरवा झाला तरी ‘पडला, पडला’ म्हणून गाठोडी उचलतात. वस्तू गेली तरी शब्द मागे रेंगाळतो. आमच्या दंतवैद्यांच्या मते फोटोचेही तसेच आहे.

कुर्डुवाडीचे रेल्वेच्या दप्तरातले जुने नाव ‘बार्शी रोड’. बार्शी कापसाची मोठी पेठ. पण थोरली आगगाडी तिला सुमारे एकवीस मैलांवरून वळसा घालून गेलेली. बार्शीचा कापूस बैलगाड्यांतून या स्टेशनावर यायचा आणि मग मुंबईला जायचा. ही अडचण एका इंग्रज इंजिनियराच्या नजरेत भरली. त्याचे नाव एव्हरर्ड कॅल्थ्रॉप. १८८२ साली तो ‘जी. आय. पी.’ रेल्वेत नोकरीसाठी हिंदुस्थानात आला होता. अरुंद रुळांची, कमी खर्चाची पण भरपूर ओझे वाहणारी गाडी बांधता येईल, या कल्पनेने त्याला झपाटले. १८९५ साली लंडनमध्ये त्याने बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन केली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी सुरू झाली.

कॅल्थ्रॉपची युक्ती मोठी नामी होती. रूळ तुटतो तो गाडीच्या एकूण वजनाने नव्हे. एकेका आसाखाली जो भार येतो त्याने. तेव्हा इंजिन असो, माणसांचा डबा असो की कापसाच्या गाठींची वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा दंडक त्याने घातला. इंजिनाचे वजन अधिक, म्हणून त्याला चाकेही अधिक. त्यामुळे यार्डाला अवघे तीस पौंड वजनाचे, म्हणजे मीटरला सुमारे पंधरा किलोचे रूळ पुरले. आज त्याच जमिनीवर मीटरला साठ किलोचे रूळ अंथरले जातात. यावरून ती गाडी किती हलक्या पावलांची होती याची कल्पना यावी. ‘लाईट’ या शब्दाचा अर्थ हाच. आमच्या गार्डसाहेबांचा मात्र एक ठरलेला विनोद आहे : “सर, डब्यात दिवा नसायचा, आणि गाडीचं नाव लाईट!”

पुढे गाडी १९०६ च्या सुमारास पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. लातूर आणि येडशी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, बार्शी इंग्रजांच्या मुलखात. कापसाच्या गाठी, धान्याची पोती आणि विठोबाचे वारकरी घेऊन ही इवलीशी गाडी दोन राज्यांच्या शिवेवरून ये-जा करीत असे. ज्या वर्षी मिरजेपर्यंतचे काम पुरे झाले त्याच वर्षी कॅल्थ्रॉप इंग्लंडात वारला. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी विकत घेतली आणि बार्शी लाईट मध्य रेल्वेत विलीन झाली. लोकांच्या तोंडी नाव मात्र तेच राहिले.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही बार्शीच्या अलीकडे एका वळणावर गेलो. रेल्वेच्या हद्दीबाहेरचा शेताचा बांध आमच्या मंडळींनी आधीच हेरून ठेवला होता. रुळांवर पाऊल टाकायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे विनापरवाना हद्दीत शिरणे हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी विजेची गाडी माणसाला चाहूल लागू देत नाही. बांधाच्या मालकाला रामराम घालून, त्याच्या हरभऱ्याला धक्का न लावता आम्ही उभे राहिलो.

फोटो काढणे म्हणजे कळ दाबणे, अशी माझी समजूत. त्या सकाळी ती पार बदलली. सूर्य पाठीशी हवा, पण चाकांवरही ऊन पडले पाहिजे. म्हणून ते तिरपे हवे. गाडी वळणावर असली तर इंजिनाबरोबर मागचे डबेही दिसतात. पुढ्यात बाभळीची फांदी नको, मागे विजेचा खांब इंजिनाच्या डोक्यातून उगवलेला नको. बँकेतले गृहस्थ म्हणाले, “आता तारा आल्या, खांब आले, आमची पंचाईत झाली. वाफेच्या इंजिनाला थंडीतली सकाळ लागायची. हवा गार असली की वाफ लगेच गोठते, पांढरीशुभ्र, कापसासारखी. उन्हाळ्यात त्याच इंजिनाचा फोटो बोडका येतो. आणि चढ हवा. उतारावर इंजिन दम खात नाही, मग धूर कुठला?”

गाडी आली, चार कॅमेरे किटकिटले, गाडी गेली. दीड तास वाट पाहायची आणि अर्ध्या मिनिटात सगळे संपायचे. पण त्या दीड तासात जी बोलणी झाली ती मला गाडीपेक्षा मोलाची वाटली. दंतवैद्यांनी सांगितले की मध्य रेल्वेच्या संपूर्ण विद्युतीकरणाचा शेवटचा टप्पा म्हणजे औसा रोड ते लातूर रोड, आणि तो फेब्रुवारी २०२३ मध्ये पुरा झाला. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली होती. म्हणजे मुंबईहून निघालेली ही तार लातूरकडे पोचायला अठ्ठ्याण्णव वर्षे लागली! बार्शी लाईट हळू चालते म्हणून हसणाऱ्यांनी हा हिशेबही ध्यानात ठेवावा.

दुपारी एका ओळखीच्यांच्या ओसरीवर सतरंजी अंथरून जुने फोटो मांडले गेले. हा या मंडळींचा खरा सोहळा. इंजिनाचे फोटो, पुलावरचे फोटो, आषाढीच्या दिवसांतले फोटो. या शेवटच्या फोटोंत गाडी जवळजवळ दिसतच नाही. टपावर, दाराशी, दोन डब्यांच्या मध्ये, जिथे पाऊल टेकेल तिथे माणसे. टाळ, पताका, तुळशीवृंदावने यांचा एक सरकता डोंगर आणि त्याच्या पुढे धापा टाकणारे लहानसे इंजिन. फोटोंच्या मागे बारीक अक्षरात टिपणे होती : इंजिनाचा क्रमांक, वर्ग, कारखान्याचे नाव, तारीख, वेळ, ठिकाण. इंग्लंडातले काही छांदिष्ट वाफेची इंजिने सरत आली तेव्हा हिंदुस्थानभर हिंडून असेच फोटो काढीत असत. टिपणांची ही शिस्त त्यांच्यापासून आली, असे बँकेतले गृहस्थ म्हणाले.

गार्डसाहेब एक फोटो बराच वेळ हातात धरून बसले. इंजिन पाणी घेत उभे आहे. खिडकीतून एक माणूस अर्धा बाहेर वाकला आहे, डोक्याला फडके, तोंडावर काजळी, आणि कॅमेऱ्याकडे बघून तो हसतो आहे. गार्डसाहेबांनी फोटो उलटा केला, मागचे टिपण वाचले, आणि शांतपणे विचारले, “इंजिनाचा नंबर लिहिलाय. याचं नाव कुठाय?”

कुणी काही बोलले नाही. फोटो ज्यांचा होता ते गृहस्थ म्हणाले, “साहेब, मी हा पुण्यात जुन्या बाजारात घेतला. मला कसं माहीत असणार?”

“मला माहीत आहे,” गार्डसाहेब म्हणाले. “हा कोळसा मारायचा. माझ्या गाडीवर किती वर्षं होता. उन्हाळ्यात भट्टीपुढं उभा राहून याच्या हाताचं कातडं सोललेलं असायचं. पोराचं लग्न ठरलं तेव्हा कर्ज काढायला मीच जामीन राहिलो. हा नुसता फोटोतला माणूस नव्हे, बघा की.”

मग त्यांनी खिशातून पेन काढले आणि फोटोच्या मागे, इंजिनाच्या क्रमांकाखाली, त्या माणसाचे संपूर्ण नाव व गाव थरथरत्या अक्षरात लिहिले. ते नाव मी येथे देत नाही. त्याची मुले कुठेशी आहेत म्हणतात. छापण्याआधी त्यांच्या हाती तो फोटो पडावा हे बरे. पण त्या दुपारी सतरंजीचा सगळा नूर पालटला. एकेक फोटो गार्डसाहेबांपुढे येऊ लागला. “हा सांधेवाला, मोडनिंबचा.” “ही बाई स्टेशनात पेरू विकायची. उरलेले पेरू आम्हाला द्यायची.” “याला नाही ओळखत.” चाळीस-बेचाळीस फोटोंतून सतरा माणसांना नावे मिळाली. राहिलेली माणसे तशीच राहिली. गार्डसाहेबांचे वय आता ब्याऐंशी. मोडनिंबचा सांधेवाला ओळखणारी आणखी किती माणसे या जगात आहेत, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात आला असावा. पण तो विचारण्याचे धैर्य कुणाला झाले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही येडशीजवळच्या रामलिंग घाटात गेलो. कुर्डुवाडी-लातूर मार्गाचे रुंदीकरण झाले तेव्हा नवा मार्ग उस्मानाबादवरून, म्हणजे आजच्या धाराशिववरून नेला. जिल्ह्याचे गाव असूनही छोट्या गाडीने त्याला कधी हात लावला नव्हता. त्यामुळे घाटातली जुनी वाट ओसाड पडली. आता तो अभयारण्याचा भाग आहे. झाडीत महादेवाचे देऊळ आहे, माकडे आहेत, पावसाळ्यात पाण्याची धार असते. रूळ नाहीत, पण नीट पाहिले तर मातीचा एक सारखा उंचवटा डोंगराच्या कुशीने वळत गेलेला दिसतो. निसर्ग इतके बेताचे वळण घेत नाही. ते माणसाने, फूटपट्टी हाती धरून घेतलेले वळण आहे. पुण्याचा तरुण मध्येच गुडघ्यावर बसला आणि गवतातून त्याने मूठभर खडी उचलली. तिला अजून काळे तेल लागले होते की मला तसा भास झाला, सांगता येत नाही.

येथे आमच्यात वाद पेटला. तरुणाचे म्हणणे, छोटी गाडी ठेवायला हवी होती. निदान एवढा घाटाचा तुकडा तरी. त्यावर दंतवैद्यांनी आठवण दिली ती २०१६ सालची. त्या वर्षी लातुरात पाण्याचा थेंब राहिला नव्हता. एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याची आगगाडी निघाली. ‘जलदूत’ तिचे नाव. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. म्हणजे एकंदर पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. ती आली कोणत्या वाटेने? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. हीच ती कॅल्थ्रॉपची वाट, फक्त रुंद झालेली. “आसाला पाच टनांच्या त्या रुळांवर असली वाघीण चढली असती का?” दंतवैद्यांनी विचारले. “आणि अरुंद रूळ असते तर एका गेजवरून दुसऱ्या गेजवर माल जसा हमालांकरवी उतरवून भरावा लागे, तसं पाणीही कुर्डुवाडीला या टाकीतून त्या टाकीत ओतत बसावं लागलं असतं. तोवर लातूरनं काय करायचं?”

तरुण गप्प झाला. मला स्वतःला दंतवैद्यांचे म्हणणे पूर्ण पटले. ज्या गाडीने लोकांना पाणी पाजले तिच्यासाठी मागची गाडी उखडली गेली असेल, तर उखडली गेली हेच योग्य झाले. जुन्या गाडीत तासन्‌तास अवघडून बसणाऱ्या बाळंतिणीला, परीक्षेला निघालेल्या पोराला तिच्यातले काव्य दिसत नव्हते. ते आपल्याला बांधावरून दिसते. पण म्हणून तिची आठवण ठेवणे व्यर्थ ठरत नाही. जे गेले ते परत आणावे असा आठवणीचा हट्ट नसतो. ज्यांनी आपले आयुष्य ज्या कामाला वाहिले ते काम झाले होते, आणि ते यांनी केले होते, एवढी नोंद राहावी, इतकेच तिचे मागणे.

याचे एक उदाहरण कॅल्थ्रॉपच्याच देशात आहे. बार्शीच्या अनुभवावर त्याने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात तशीच अडीच फुटांची एक गाडी बांधली. १९०४ साली ती सुरू झाली. तिच्या इंजिनांना हिंदुस्थानी धर्तीचे मोठमोठे दिवे होते. एका इंजिनाला कॅल्थ्रॉपचेच नाव दिले होते. तीसच वर्षांत, १९३४ साली, ती गाडी बंद पडली. लोकांनी काय करावे? रूळ काढले आणि १९३७ साली ती वाट पायी हिंडणाऱ्यांसाठी खुली केली. आजही माणसे त्या दरीतून चालत जातात. बार्शीच्या धाकट्या बहिणीची वाट राहिली. थोरलीची रामलिंगाच्या गवतात विरते आहे. घाटाच्या तोंडाशी, जंगलाला धक्का न लावता, ‘येथून बार्शी लाईट जात असे’ एवढी एक पाटी लावायला फार खर्च यायचा नाही. तिच्यावर कॅल्थ्रॉपचे नाव असावेच. पण ज्यांनी हा मातीचा उंचवटा टोपल्या वाहून रचला त्यांची नावे कोण लिहिणार? ती कोणत्याही फोटोच्या मागे नाहीत.

परतताना गाडीत बँकेतले गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. नव्या टिपणवहीत त्यांनी रकाने आखले होते : इंजिनाचा क्रमांक, तारीख, ठिकाण. त्यांच्याही आधी एक नवा रकाना होता : ‘माणसे’. आदल्या दिवशीच्या विजेच्या गाडीपुढे त्यांनी लिहिले होते, ‘चालक – नाव विचारणे’. चालत्या गाडीच्या चालकाला नाव कसे विचारणार, हे मी त्यांना विचारले. “पुढच्या स्टेशनात,” ते म्हणाले, “फोटोची एक प्रत देईन की त्याला. मग सांगेल.”

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांना इंजिनांचा नाद नसेल. पण दिवाळीची साफसफाई घरोघर होते, माळ्यावरची ट्रंक खाली येते, आणि तिच्या तळाशी एखादा पिवळा पडलेला फोटो हमखास सापडतो. कुठल्याशा फलाटावर, कुठल्याशा गिरणीच्या दारात, कुठल्याशा शाळेच्या पायरीवर उभी असलेली पाच-सात माणसे. घरात जे कुणी सर्वांत वडीलधारे असेल त्यांच्यापुढे तो फोटो धरा, आणि ते सांगतील ती नावे मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. पेन्सिलीने अशासाठी, की शाई पुढच्या अंगाला उमटते. आणि हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका.